निरोगी बारा जणी

घरात तिला सगळे मुंगी म्हणत. लहानपणी कुठे काही सांडलेलं दिसलं की ही तिथेच बसकण मारायची आणि मणी म्हणा, डाळ म्हणा, तुटकी बटणं म्हणा, एकेक वेचून रंगाप्रमाणे वेगवेगळ्या काड्यापेट्यांत भरायची. आई म्हणायची, "देवाने हिला हात दोनच दिले, डोळे मात्र चार." पुढे शिकून ती शास्त्रज्ञ झाली, पण काम तेच राहिलं. डाळीच्या जागी रक्त आलं आणि काड्यापेटीच्या जागी माणसाएवढा उंच फ्रीझर, एवढंच.

तिची लॅब हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. खोलीला एकच खिडकी, आणि खिडकीतून दिसायच्या त्या समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या हॉस्पिटलच्या हिरव्या चादरी. आत फ्रीझरची घरघर इतकी सवयीची की वीज गेली तरच तो आवाज होता हे कळायचं.

स्तनाचा कॅन्सर काही घराण्यांतून चालत येतो. जन्माबरोबर मिळालेल्या जनुकात एखादं अक्षर गळालेलं असतं. स्वेटर विणताना एक टाका सुटावा तसं. वर्षानुवर्षं काही होत नाही, आणि मग एक दिवस तिथूनच उसवायला लागतं. असे सुटलेले टाके शोधणं हे मुंगीचं अर्धं काम. उरलेलं अर्धं त्याहून अवघड. अशा बायकांचं आजारानंतर पुढे काय होतं, कोण किती वर्षं जगते, कोणाला आजार परत गाठतो, याचा माग ठेवायचा. त्यासाठी दर सोमवारी सकाळी ती फोन घेऊन बसायची. यादीत चारशे बारा बायका होत्या.

"काकू, हॉस्पिटलमधून बोलतेय. तब्येत कशी आहे?"

"आहे गं बाई अजून! दर वर्षी फोन करून मी गेले का बघतेस, एकदा चहाला तरी ये."

कधी फोन दुसरंच कोणी उचलायचं, आणि हिचा प्रश्न ऐकून क्षणभर गप्प व्हायचं. त्या गप्प होण्यातच उत्तर असायचं. मग ती यादीत तारीख लिहायची आणि थोडा वेळ हिरव्या चादरींकडे बघत राहायची.

या सगळ्याची कॉम्प्युटरवर एक रेघ निघे. डावीकडे उंचावर सुरू व्हायची आणि एकेक बाई गेली की एक पायरी खाली उतरायची. लॅबमध्ये सगळे तिला जिना म्हणत. आजार लहान असतानाच ज्या आल्या त्यांचा जिना जवळजवळ सपाट, वरच्या वर चालायचा. ज्या उशिरा आल्या त्यांचा विहिरीत उतरावा तसा. मुंगी हे मोठमोठ्या सभांमध्ये न अडखळता सांगायची. तिचा आवाज कधी हलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

आता आजारी बायकांचं रक्त तपासायचं तर शेजारी निरोगी बायकांचंही लागतं, नाहीतर बिघाड ताडून कशाशी बघणार? अकरा वर्षांपूर्वी लॅबमध्ये नवं कोरं यंत्र आलं तेव्हा अशा बारा जणी हव्या होत्या. घरात हा आजार नसलेल्या, आणि एकमेकींच्या नात्यातल्या नसलेल्या. रेकॉर्ड रूमच्या बाई मिळाल्या, नर्सा मिळाल्या, धुलाई विभागातल्या तिघी मिळाल्या, अकरावी स्वतः मुंगी. बारावी ऐन दिवशी तापाने पडली. यंत्र सुरू करून द्यायला आलेला माणूस घड्याळात बघत उभा, आणि नेमकी तेव्हाच मुंगीची ताई डबा घेऊन दारात आली. डबा मुंगी घरी विसरली होती.

"ताई, एक ट्यूब रक्त दे ना."

"का गं? तुझं संपलं?"

"दे ना. काही नाही, यंत्राला दाखवायचंय फक्त."

ताईने बाही वर केली. मुंगीने फॉर्म भरला. 'इतर कोणाशी नाते आहे का' या ओळीपुढे घाईघाईने 'नाही' लिहिलं. आजचा दिवस निभावू, पुढच्या आठवड्यात दुसरी कोणी शोधू, असं मनाशी म्हणाली. शेवटची ओळ मात्र ताईने स्वतः वाचली. 'पुढेमागे काही आढळल्यास आपल्याला कळवावे का?' तिथे ताईने ठसठशीत 'नाही' लिहिलं.

"देवाला काय सांगायचं ते तो सांगेल की मला. तुमचं यंत्र कशाला मध्ये?"

मुंगीनेही आपल्या फॉर्मवर 'नाही'च लिहिलं होतं. विचार करून नव्हे. लॅबमधले सगळे तसंच लिहीत. मग ट्यूबांवर सोडत काढून आकडे चिकटले, कोणाचा आकडा कोणता याचा कागद पाकिटात बंद होऊन लॅबच्या प्रमुख मोठ्या बाईंच्या कपाटात गेला, आणि पुढचा आठवडा काही आलाच नाही. बारा जणी फ्रीझरमध्ये अकरा वर्षं निरोगी राहिल्या.

या वर्षी नवी तपासणी आली. जुनी चार-दोन जनुकं वाचायची, ही शंभरावर वाचते. चारशे बारांबरोबर त्या बाराही पुन्हा यंत्रात गेल्या. शुक्रवारी दुपारी आकडेवाले मुंगीच्या टेबलाशी आले. लॅबची सगळी आकडेमोड बघणारे हे उंच गृहस्थ. एका पायात करडा मोजा आणि दुसऱ्यात निळा, हे त्यांचं रोजचंच.

"मॅडम, तुमच्या निरोगी बारा जणींत दोघी लबाड निघाल्या."

"म्हणजे?"

"चार नंबर आणि बारा नंबर. दोघींत तोच बिघाड, त्याच जागी, तेच अक्षर गळालेलं. इतका दुर्मीळ की चारशे बारा आजारी बायकांत फक्त एकीला आहे. आणि इथे बारा निरोग्यांत दोघींना? ज्यांचं एकमेकींशी नातं-गोतं नाही? अहो, सरळ आहे. एकीचं रक्त दुसरीच्या ट्यूबमध्ये सांडलं. तेव्हा कोणीतरी धांदरटपणा केलाय."

"हं."

"दोन्ही टाकून देऊ. तरी सोमवारी बाकीची अक्षरं जुळवून बघतो. सांडलं असेल तर लगेच कळेल."

"बरं," मुंगी म्हणाली. ते गेल्यावर ती बेसिनशी जाऊन हात धुऊ लागली. तीनदा साबण लावला.

चार कोण आणि बारा कोण हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायची गरजही नव्हती. बारा जणींत सख्ख्या बहिणी दोनच होत्या, ती आणि ताई, आणि हे जाणणारी लॅबमध्ये ती एकटी होती.

पहिल्यांदा मनाने पळवाट काढली. आई तर ऐंशी वर्षं जगली, मावशी अजून दोरीवर कपडे वाळत घालतेय, मग हे आलं कुठून? आणि मग लक्षात आलं. बाबांकडून. बाबांची एक बहीण होती. अडतिसाव्या वर्षी गेली. मुंगी तेव्हा चार वर्षांची. घरात म्हणत, आत्याला छातीचं दुखणं होतं. कोणी क्षय म्हणे, कोणी काही. त्या बारा जणींच्या फॉर्मवर विचारलं होतं: आईला हा आजार होता का, मावशीला, बहिणीला. आत्याचं विचारलंच नव्हतं. तो फॉर्म मुंगीने स्वतः तयार केलेला. बापाकडूनही हा टाका मुलीत उतरतो हे शेकडो लोकांना समजावून सांगणारी ती, आणि तिच्याच दिव्याखाली हा अंधार.

शनिवार-रविवार तिने घरात कसे काढले ते तिचं तिला माहीत. मुलगी समोर बसून केस विंचरत होती, एकोणीस वर्षांची, फोनवर कोणाशी तरी खिदळत. निम्मी शक्यता. असेल किंवा नसेल. मुंगी तिच्याकडे बघत राहिली तेव्हा पोर म्हणाली, "काय गं आई, अशी काय बघतेस, मी काय चोरलं?"

जेवताना नवरा म्हणाला, "भाजीत मीठ दोनदा पडलंय. यादीतलं कोणी गेलं का?"

"अजून नाही," तिच्या तोंडून निघून गेलं. नवऱ्याने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. ती पाणी आणायच्या निमित्ताने उठली.

आंघोळीच्या वेळी ती स्वतःला तपासू लागली आणि तिचीच बोटं तिला परकी वाटली. काय शोधायचं हे इतकं नीट माहीत असणं हाही एक शापच. सगळीकडे तेच लागतंय असं वाटायचं.

आणि सोपी वाट समोर उघडी होती. दोन ट्यूबा कचऱ्यात. सांडलं होतं म्हणायचं, एक दिवस धांदरट म्हणवून घ्यायचं. ताईने तर नाहीच म्हटलेलं. कोणाला काही कळायचं नाही. फक्त ताईलाही कळायचं नाही, आणि ताई त्या विहिरीत उतरणाऱ्या बायकांतली एक होईल.

रविवारी ताईचा फोन आला. "काय गं, आवाज असा का?"

"सर्दी झालीय."

"सर्दीने नाक चोंदतं, आवाज थरथरत नाही. नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही गं."

"मग भांड. मोकळं वाटतं."

देवाकडे मुंगी कधी काही मागत नसे. मागण्याचं खातं ताईकडे, असं ती हसून म्हणायची. त्या दिवशी ती हात जोडून उभी राहिली आणि काय मागावं तेच सुचेना. झालेलं न झालेलं कर, असं तर देवालाही म्हणता येत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, उद्या माझं तोंड उघडू दे.

सोमवारी आकडेवाले यायच्या आत ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. बाई ठेंगण्या, चष्मा कायम कपाळावर, निवृत्तीला चार महिने उरलेले. मुंगीने उभ्या उभ्या सांगितलं. बाईंनी समोरची फाईल मिटली.

"त्या बारा जणींच्या जिवावर आपण सहा निबंध छापलेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"सहाही ठिकाणी पत्र जाईल. तुझ्या सहीने. दोघी बहिणी होत्या, आणि हे लपवलं."

"लिहिते. आजच लिहिते. बाई, ते पाकीट उघडा ना."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तिने नाही लिहिलंय. तूही लिहिलंयस. परक्या बायकांच्या नाहीचा मान ठेवायचा आणि घरच्या बाईचा नाही?"

"आणि ती मरेपर्यंत मान ठेवत बसू?"

"आवाज खाली." बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "डोकं चालव जरा, शास्त्रज्ञ ना तू? त्या ट्यूबा विसर. खाली जा, रांगेत उभी राहा, केसपेपर काढ. आत्याची गोष्ट सांग. तुझं आजचं रक्त दे, पेशंट म्हणून. जे निघेल ते तुझं. ते तू ज्याला हवं त्याला सांग, तुला कोण अडवणार?"

मुंगी खाली गेली. अकरा वर्षं ज्या रांगेच्या शेजारून ती झपाझप चालत गेली होती त्या रांगेत दोन तास उभी राहिली. नर्सने सुई काढली तेव्हा हजारो ट्यूबा हाताळलेल्या या बाईने मान फिरवली. समजावून सांगणारी मुलगी छापील कागदावरून वाचत होती, "घाबरून जाऊ नका, ही केवळ शक्यता आहे." ते वाक्य मुंगीनेच कधीतरी लिहून दिलं होतं. ज्याला भीती वाटते त्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे तिला आज समजलं.

दुपारी आकडेवाले आले. या वेळी टेबलावर टेकले नाहीत.

"जुळवून पाहिलं. निम्मं जुळतंय, निम्मं नाही, सख्ख्या बहिणींचं असतं तसं. सांडलेलं नाही ते."

"माहीत आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातला स्वतःचा चहा तिच्यापुढे ठेवला आणि गेले.

रिपोर्टला तीन आठवडे लागले. टाका सुटलेला होता. लगोलग केलेल्या स्कॅनमध्ये मात्र तिच्यात काही सापडलं नाही. तिला वाटलं होतं, स्वतःचं कळलं की भीती उतरेल. ती उतरली नाही, नुसती ताईकडे सरकली.

ताई स्वयंपाकघराच्या टेबलाशी वाटाणे सोलत बसली होती. मुंगी समोर बसली, चार शेंगा सोलल्या, आणि म्हणाली, "ताई, माझा एक रिपोर्ट आलाय." मग सुरू झाली ती थांबेचना. जनुक, अक्षर, शक्यता, टक्के.

"थांब," ताई म्हणाली. "तुला झालंय का?"

"नाही. पण होऊ शकतं. आणि ते बाबांकडून आलंय, म्हणजे..."

"म्हणजे मलाही असेल. एवढंच ना? मग सरळ सांग की. मी काही तुझ्या सभेला आलेली नाही."

"तपासून घे ताई."

"नाही."

"अगं पण..."

"अकरा वर्षांपूर्वी लिहून दिलंय तुला. ते रक्त तुझ्याकडेच आहे ना? मग तुला काय ते माहीतच असेल."

"पाकीट बंद आहे. मी उघडलेलं नाही, शप्पथ."

"पाकीट बंद आहे, पण तुझा चेहरा उघडाय. रडतेस कशाला मग?"

मुंगीने तोंडावर हात धरला. ताईने शेंगा बाजूला सारल्या.

"आत्या गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "तू झोपलेली असायचीस. तिच्या खोलीत पाणी घेऊन मलाच पाठवायचे, कारण मोठ्यांना तो वास सहन व्हायचा नाही. छातीवर फडकं बांधलेलं असायचं. एकदा मला म्हणाली, आधी कोणाला दाखवायची लाज वाटली गं. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, पाणी पी."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलंस? चारशे घरांत फोन करून विचारतेस, कोणाला होतं, कधी झालं. माझ्याशी रोज बोलतेस ते भाजी काय केलीस म्हणून."

ताई उठली, हात धुतले, पुसले, परत बसली.

"ते जनुकाचं राहू दे तुझ्याकडे. मला नको आत्ता. पण फोटो काढू. फोटोला मी घाबरत नाही." हे म्हणताना तिने टेबलाची कड घट्ट धरली होती.

मॅमोग्राफीच्या फोटोत डाव्या स्तनात एक सावली दिसली. हाताला न लागणारी, भाताच्या शितापेक्षा जराशी मोठी. सुईने तुकडा काढला, आणि पाच दिवस थांबायला सांगितलं. त्या पाच दिवसांत ताईने घरातली सगळी कपाटं आवरली. मुंगी रोज संध्याकाळी जायची. चौथ्या दिवशी ताईने, पाठमोरी असतानाच, विचारलं:

"त्या तुझ्या जिन्यावर मी कुठल्या पायरीवर?"

हा प्रश्न तिला आजवर कितीतरी बायकांनी विचारला होता आणि प्रत्येकीला तिने आकडा सांगितला होता. आज तिने तो सांगितला नाही.

"जिना शंभर जणींचा मिळून असतो ताई. एकीचं विचारलं तर तो काही सांगत नाही."

"मग इतकी वर्षं करतेस काय तू?"

"लवकर आलेल्या वर राहतात, एवढं सांगतो."

"मग तसं म्हण ना. भाव कशाला खातेस?" पण ती वळली नाही. उशीच्या एकाच अभ्र्याची तिने तीनदा घडी घातली.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर ताईने तिला बाकावर बसवलं. "तू आत यायचं नाही. तुम्ही दोघं तुमच्या भाषेत बोलाल आणि मी मध्ये बघत बसेन."

दार बंद झालं. त्या दारामागून येणारे शब्द कोणते असू शकतात हे मुंगीला पाठ होतं. आत कागदावर कुठला रकाना कसा भरला जातो तेही. पण आत्ता काय बोलणं चाललंय, ते मात्र तिला कळत नव्हतं. ती बाकावर बसून राहिली, गुडघे आवळून, देवाचं नाव घेत, अर्ध्यातच विसरत, पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही, घ्यायला हात उचललाच नाही.

दार उघडलं. ताई बाहेर आली, तिच्या शेजारी बसली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "आहे."

मुंगी उठू लागली.

"बस. तू पडलीस तर मला उचलता यायचं नाही. एक सेंटिमीटरपण नाही म्हणाले. काखेत गेलेलं दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, तेही म्हणाले. गुरुवारी कापायचंय, आज भरतीचा कागद करायचा." तिने एक श्वास घेतला. "मला फार भीती वाटतेय गं."

"मलाही."

"तुला वाटून कसं चालेल? तू शास्त्रज्ञ."

"शास्त्रज्ञाला जास्त वाटते."

मग ताई म्हणाली, "पोरींना संध्याकाळी बोलव. तुझी आणि माझी, दोघींना. सांगायचं मी सांगेन, तू टक्केवारी सुरू करशील."

"त्या विचारतील, आम्हालाही असेल का."

"तर खरं सांगायचं. असेल किंवा नसेल. तपासायचं का नाही ते त्यांचं त्या ठरवतील. माझ्यासारखं नाही म्हणाल्या तर त्यांच्यावर ओरडायचं नाहीस."

"तुझ्यावर कुठे ओरडले मी?"

"रडलीस. ते जास्त वाईट."

ताईने पिशवी उचलली. पिशवीचा बंद दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मुंगीने तो तिच्या बोटांत नीट अडकवला, तिचा दंड धरला, आणि दोघी भरतीच्या खिडकीकडे निघाल्या.